सरहद्दीचं गाव

अकबराच्या कारकिर्दीची जंत्री मांडताना अबुल फजलानं वऱ्हाड सुभ्यातल्या माहूरबद्दल 'ऐन-ए-अकबरी'त मोजक्या गोष्टी नोंदवल्या आहेत. डोंगरावर बळकट किल्ला आहे. जवळच देवीचं देऊळ आहे, तिला इकडे जगद्धात्री म्हणतात. इथला जमीनदार इंद्रजीव नावाचा रजपूत असून तो राणा म्हणवतो आणि पदरी शंभर घोडेस्वार, हजार पायदळ बाळगतो. आणि इथल्या म्हशी अव्वल जातीच्या आहेत, एकेक अर्धा मण किंवा त्याहूनही जास्त दूध देते.

किल्ला, देवी, सत्ता आणि दूधदुभतं. सव्वाचारशे वर्षांनंतर या चारांतली देवी तेवढी जागेवर आहे. किल्ल्याचा तट झाडीत गेला, सत्ता टप्प्याटप्प्यानं दुसऱ्या गावांत गेली आणि म्हशींचं कौतुक कुणाला आठवतही नाही.

संपादकांनी यंदा 'वाढलेली आणि ओसरलेली गावं' असा विषय दिला, तेव्हा मी माहूर सुचवलं. त्यांना पटलं नाही. "माहूर कुठं ओसरलंय? नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते," असं ते म्हणाले. त्यांचं खरंच आहे आणि तिथंच खरी गंमत आहे. देवीच्या गर्दीमुळे माहूर नावाचं गाव दिसेनासं झालं आहे. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ म्हणून ते महाराष्ट्राला पाठ आहे. पण एके काळी 'सरकार माहूर' म्हणून, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या मोठ्या मुलखाचं मुख्य ठाणं म्हणून त्याची नोंद होत होती, हे नांदेडमध्येही फारसं कुणी सांगत नाही.

वरचं आणि खालचं

यात्रेच्या दिवसांत गाव दिसणार नाही, म्हणून मुद्दाम भाद्रपदात गेले. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. हिमायतनगरपर्यंत सोयाबीन आणि कापसाची काळी रानं असतात. पुढं जमीन वर उचलायला लागते आणि दोन्ही अंगांनी साग सुरू होतो. या दिवसांत सागाला पांढरा फुलोरा असतो. किनवट मागं पडलं की एसटीतली गर्दी बदलते. नोकरीवाले आणि कोर्टकचेरीची कामं काढलेले लोक उतरून जातात. उरतात नारळाच्या पिशव्या घेतलेली कुटुंबं आणि माहूरच्या पुढं, नदीपल्याड यवतमाळकडे जाणारे लोक.

बसस्थानकाबाहेर पडलं की पहिला प्रश्न जीपवाल्याचा: गडावर जायचं का? दुसरा प्रश्न दुसऱ्या जीपवाल्याचा, तोच. गावातच फिरायचं आहे म्हटल्यावर दोघंही माझ्याकडे जरा काळजीनं पाहायला लागले. चहाच्या टपरीवर एका वयस्क गृहस्थांनी समजूत काढली, "ताई, गावात काय बघता? जे आहे ते वर आहे."

वर तीन शिखरं आहेत. एकावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अत्री-अनसूया. रेणुकेच्या शिखरालगतच्या डोंगरावर किल्ला. या चार उंचवट्यांच्या पायाशी गाव पसरलेलं आहे आणि रस्त्यांची रचना अशी, की भाविकाला गावात शिरावंच लागत नाही. बसस्थानक, लॉज, देवीच्या तसबिरींची दुकानं, मग घाट. मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की वेगळं माहूर सुरू होतं. जुन्या चिरेबंदी भिंतींचे तुकडे नव्या विटांच्या घरांत सामावलेले, मशिदी, कबरी, मठ. सोनापीरांचा दर्गा आहे आणि तिथं हिंदूंची ये-जा मुसलमानांइतकीच सहज आहे. महानुभावांचं देवदेवेश्वर आहे. हे पंथीयांचं मोठं स्थान, कारण दत्तात्रेय त्यांच्या पंचकृष्णांपैकी एक. गावालगतच काळ्या दगडात कोरलेलं पांडवलेणं आहे. उंच खांबांच्या मंडपात उभं राहिलं, की हे काम मुलखातल्या दोन-चार भाविकांच्या वर्गणीचं नाही, कुठल्या तरी मोठ्या सत्तेच्या पैशाचं आहे, हे लगेच कळतं. राज्य पुरातत्त्व खात्याचं एक छोटं संग्रहालयही इथं आहे. आसपासच्या शेतांत आणि पडक्या देवळांत सापडलेल्या मूर्ती त्यात ठेवल्या आहेत. मी गेले तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं.

एवढ्याशा गावात लेणं, किल्ला, दर्गे, मठ, तळी आणि तीन शिखरांवरची देवळं. सध्याच्या वस्तीला हा पसारा फार मोठा आहे. कधी तरी इथं बरंच मोठं माणूसबळ आणि धान्यबळ होतं, त्याशिवाय हे उभं राहत नाही.

पैनगंगेचं दार

माहूर का वाढलं, याचं उत्तर किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिलं की मिळतं. बुलढाण्याच्या डोंगरांत उगम पावलेली पैनगंगा पूर्वेकडे येते, माहूरच्या डोंगरांना उत्तरेकडून वळसा घालते आणि पुढं वर्धेला मिळायला जाते. नदीच्या पलीकडे वऱ्हाडची काळी जमीन. अलीकडे निर्मळच्या रांगा, दाट जंगल, आणि ते उतरून गेलं की गोदावरीकाठचा तेलंगण. पावसाळ्यात पैनगंगा आडवी आली की महिनोन्‌महिने दळणवळण थांबायचं. उन्हाळ्यात ज्याच्या हाती इथले उतार, त्याच्या हाती वाट.

म्हणजे माहूर ही राजधानी नव्हती, दार होतं. दाराला किंमत असते ती दोन्ही बाजूंना वेगवेगळे धनी असेपर्यंत.

असे धनी इथं शतकानुशतकं होते. जंगलात गोंड राजे आणि त्यांचे सरदार. उत्तरेला वऱ्हाडचे सुभेदार, दक्षिणेला तेलंगणचे राज्यकर्ते. १४२५च्या सुमारास अहमदशहा बहामनी या मुलखावर चालून आला आणि त्यानं माहूर घेतलं. पुढं महमूद गवानानं सरदारांची ताकद आटोक्यात ठेवण्यासाठी बहामनी राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले. एकाचं ठाणं गाविलगड, दुसऱ्याचं माहूर. गाविलगडाच्या बरोबरीनं माहूरचं नाव घेतलं जाई, इतकी या गावाची पत होती. माहूरची तरफ खुदावंदखान नावाच्या हबशी सरदाराकडे आली. बहामनी राज्य फुटल्यावर बेरारची इमादशाही, बीदरची बरीदशाही आणि अहमदनगरची निजामशाही या तिघांनी माहूरसाठी आपसांत ओढाताण केली. १५७४ला निजामशाहीनं सगळी इमादशाही गिळली. १५९६ला चांदबिबीच्या काळात वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं आणि माहूर अबुल फजलाच्या वहीत आलं.

सरहद्दीवरचं ठाणं गावाला काय देतं? लष्कराला रोज धान्य लागतं, घोड्यांना वैरण लागते, नाल ठोकणारे, खोगीर शिवणारे, तोफेचे बैल सांभाळणारे लागतात. सावकार लागतात, कारण पगार उशिरा येतो. म्हशींच्या त्या नोंदीचा अर्थही मी असाच लावते. भोवती चराईला अमर्याद जंगल आणि गडावर तूप खाणारी हजारभर तोंडं. दुभतं वाढायला आणखी काय हवं? धान्य वाहून आणायला लमाणांचे तांडे होते. मोगल फौजांच्या मागं हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जाणारे हे व्यापारी नसते, तर दख्खनच्या मोहिमा चार दिवसही चालल्या नसत्या. आज माहूर-किनवटच्या माळांवर त्यांचेच तांडे वसलेले आहेत. बैल गेले, गोण्या गेल्या, तांडे राहिले.

उदाराम आणि रायबागन

मोगल काळात माहूरला जे घराणं नावारूपाला आलं, ते राजे उदाराम या देशस्थ ब्राह्मण देशमुखाचं. मलिक अंबरच्या बाजूनं लढलेला हा माणूस पुढं मोगलांकडे गेला. शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून १६२३ला बुऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे पळाला, तेव्हा तापी ओलांडून तो माहूरला आला. हत्ती आणि जड सामान त्यानं माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केलं आणि हलक्या स्वारीनं गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसा-बंगालच्या वाटेला लागला. दाराचं काम ते हेच. एका सुभ्यातून सुटायचं आणि दुसऱ्याच्या राज्यात शिरायचं, तर मध्ये सामान ठेवायला विश्वासाची जागा लागते.

उदारामाचा मुलगा जगजीवनराव. त्याची बायको सावित्रीबाई नवऱ्यामागं स्वतः फौज घेऊन लढली आणि औरंगजेबानं तिला 'रायबागन' हा किताब दिला. शिवचरित्र वाचलेल्यांना ती माहीत असते ती उंबरखिंडीतली. २ फेब्रुवारी १६६१ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोकणच्या तोंडाशी, खोपोलीजवळच्या जंगलात कोंडलं. पाणी नाही, पुढं-मागं वाट नाही. तेव्हा खानाबरोबर असलेल्या रायबागननं त्याला खडसावलं आणि शरण जायला लावलं, असं परमानंदाच्या 'शिवभारता'त वर्णन आहे. उंबरखिंडीत तिचं नाव अजून निघतं. पण अरुंद घाटात फौज अडकली की काय होतं, हे त्या बाईला दिल्लीकडून आलेल्या सरदारांपेक्षा आधी कळलं, कारण तिचं सगळं आयुष्य डोंगर, जंगल आणि उतारांच्या राखणीत गेलं होतं, हे कुणी बोलत नाही. माहूरमध्ये तिच्या नावाची एखादी ठसठशीत खूण असायला हवी होती. मला दिसली नाही.

दोन रुळांच्या मध्ये

आता उतरण. ती कुठल्या एका लढाईनं आली नाही.

१६८६ला विजापूर आणि १६८७ला गोवळकोंडा औरंगजेबानं घेतलं. त्या दिवशी वऱ्हाड आणि तेलंगण यांच्यामधली सरहद्द पुसली गेली. माहूरच्या दोन्ही बाजूंना एकच धनी झाला. पुढं निजामाची सत्ता आली तेव्हाही हेच. किल्लेदार राहिले, तोफा राहिल्या, पण राखायचं काय, हा प्रश्न उरला. ठाण्याचा खर्च आटला की ठाण्यावर जगणारे कारागीर आणि सावकार निघून जातात. त्यांच्या जाण्याची नोंद बखरीत होत नसते.

१८५३ला सरहद्द परत आली. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं आणि पैनगंगा ही इंग्रजी अंमल आणि निजामी मुलूख यांमधली हद्द झाली. माहूर पुन्हा नदीकाठचं सरहद्दीचं गाव बनलं. मग पुन्हा वाढलं का नाही?

कारण या खेपेच्या धन्याला किल्ला नको होता, कापूस हवा होता. नदीच्या उत्तरेला जमिनीची मोजणी झाली, बाजार बसले, मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ला पूर्ण झाली आणि तिला जोडणारे फाटे आले. त्यांतलाच एक मूर्तिजापूर-यवतमाळ, म्हणजे लोकांची लाडकी शकुंतला. नदीच्या दक्षिणेला निजामाचं जंगल, जहागिरी आणि मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके. निजामाच्या रेल्वेचा फाटा आला तो मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादला. म्हणजे एक रूळ उत्तरेला यवतमाळात संपला, दुसरा दक्षिणेला किनवटातून गेला आणि मधल्या डोंगरात माहूर दोघांनाही आडवळणी पडलं. सागाचे ओंडके किनवटला उतरू लागले, अडते किनवटला आले, कचेऱ्या किनवटला आल्या. ज्या गावाच्या नावानं सरकार चालत होतं, ते किनवट तालुक्यातलं एक गाव झालं. तालुका आदिलाबाद जिल्ह्यात.

नदीच्या हद्दीला एकदाच पुन्हा धार आली. १९४७-४८च्या तेरा महिन्यांत हैदराबादचा मुक्तिलढा चालवणाऱ्यांनी संस्थानाच्या बाहेर, पैनगंगेपलीकडे उमरखेडला छावणी टाकली होती. हद्द ओलांडून यायचं, नाका किंवा ठाणं उडवायचं आणि उजाडायच्या आत परत जायचं. ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला, तो याच टापूतला प्रसंग. सप्टेंबरमध्ये संस्थान गेलं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादमधून काढून मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यात घातला गेला. नदी दोन राज्यांऐवजी दोन विभागांची हद्द झाली: इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. माहूरहून यवतमाळ पाऊणशे किलोमीटर आणि स्वतःच्या जिल्ह्याचं गाव त्याहून कितीतरी लांब. दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला माणसं नदी ओलांडून जातात. सातबाऱ्याला आणि दाखल्याला नांदेडची वाट धरतात. अलीकडे माहूर स्वतंत्र तालुका झाला, पण आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय किनवटलाच आहे. आणि किनवट स्वतः जिल्हा करा म्हणून वर्षानुवर्षं मागणी करतं आहे.

थर्बरला देवी नव्हती

जगात अशी गावं पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये थर्बर नावाचं गाव होतं. खाली कोळसा, वर कंपनी. घरं, दुकानं, शाळा, नाट्यगृह, सगळं कंपनीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं कित्येक हजार लोक राहत होते, विटांचा मोठा कारखाना होता. मग रेल्वेची इंजिनं कोळशाऐवजी तेलावर चालू लागली. १९३०च्या दशकात कंपनीनं गाव बंद केलं, घरं विकून हलवली. आज तिथं एक उंच धुराडं आणि मोजकी घरं उभी आहेत. टेक्सासच्या नकाशावर अशी धुराडी, ओस पडलेल्या जिनिंग मिला आणि रेल्वे वळून गेल्यानं विझलेली वस्ती जागोजाग सापडते.

माहूर थर्बर झालं नाही, कारण इथलं मुख्य भांडवल संपणारं नव्हतं. किल्ला निकामी झाल्यावरही रेणुकेला येणारा माणूस येतच राहिला. पण देवस्थान गावाला तगवतं की वाढवतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्याचं उत्तर पाहायला गडावर जावं लागतं.

विडा, ओटी, जीप

रेणुकेच्या देवळाला सुमारे अडीचशे पायऱ्या. खाली गाड्या थांबतात तिथपासून वरपर्यंत दोन्ही अंगांना दुकानं. ओटीचं साहित्य, म्हणजे साडी, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. कवड्यांच्या माळा, हळदकुंकवाचे ढीग. आणि माहूरची खास वस्तू, तांबूल. नागवेलीची पानं, सुपारी, कात, बडीशेप, वेलची असं सगळं घालून विडा कुटतात. देवीला तोच चालतो. पूर्ण मूर्ती नाही, शेंदूर लावलेलं भव्य मुख तेवढं आहे. परशुरामानं वळून पाहिलं तेव्हा जमिनीतून आईचा चेहराच वर आला होता, ही कथा प्रत्येक दुकानदार सांगतो. त्या मुखी हा विडा लावतात आणि भाविक प्रसाद म्हणून घरी नेतात. पायऱ्या चढताना खलबत्त्याचा ठोका दर चार दुकानांनी ऐकू येतो.

एका विडेवालीजवळ बसले होते. तिच्या सासूनंही इथंच विडे कुटले. पानं बाहेरून येतात, कात बाहेरून येतो, सुपारी तर अर्थात बाहेरूनच. "आमचं काय? हात," ती म्हणाली. खण-साड्यांचंही तसंच, नारळाचंही तसंच. गडावर विकल्या जाणाऱ्या मालातलं माहूरचं असं म्हणावं तर सीताफळ. भोवतालच्या डोंगरांवर ती जंगलासारखी वाढतात. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. ते फळ टिकत नाही, शीतगृह नाही, गर काढून डबाबंद करणारा मोठा उद्योग नाही, म्हणून संध्याकाळी उरलेली टोपली मिळेल त्या भावाला जाते.

देवस्थानाचा पैसा विश्वस्तांकडे, दत्तशिखराचा दसनामी गोसावी परंपरेतल्या महंतांकडे. भक्तनिवास, अन्नदान, रस्ते यांवर तो खर्चही होतो. गावाच्या वाट्याला येतं ते भाविकाच्या मुक्कामातून. आणि मुक्कामच आटला आहे.

दत्तात्रेयांबद्दल अशी श्रद्धा आहे, की ते पहाटे काशीला स्नान करतात, दुपारी कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि रात्री निद्रेला माहूरला येतात. सध्याच्या माहूरमध्ये मुक्कामाला येणारे तेवढेच, असं चेष्टेनं म्हणावंसं वाटतं. बैलगाडीच्या आणि सुरुवातीच्या एसटीच्या काळात माणसं तीन-चार दिवस राहायची. उपाध्यांच्या वाड्यात उतरायची, शिधा गावातून घ्यायची, मातृतीर्थावर स्नान, मग एकेक शिखर करायची. आता नांदेड किंवा यवतमाळहून सकाळी निघालेली गाडी तिन्ही शिखरं करून संध्याकाळी परत जाते. धनोड्याचा पूल आणि रुंद झालेला रस्ता यांमुळे येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांचा वेळ घटला. लॉजवाले दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात.

नवरात्रात खासगी गाड्या पायथ्याशी थांबवून एसटीच्या फेऱ्या वर सोडतात. ते नऊ दिवस जीपवाले बसून असतात आणि एसटी कमावते. गावाला खऱ्या अर्थानं पाय लागतात ते राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला. भर श्रावणात, चिखलातून, ओढे ओलांडत हजारो माणसं सगळ्या डोंगरांना वेढा घालून चालतात. परिक्रमेला वाहन चालत नाही, म्हणून चहा, भाकरी, झोपायला पडवी, सगळं लागतं. मला तर वाटतं, माहूरच्या दुकानदारानं नवरात्रापेक्षा परिक्रमेची काळजी जास्त करावी.

पोड, तांडे आणि पुसट रेषा

गडावरून दिसणाऱ्या डोंगरांत गोंड आणि कोलामांची वस्ती आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. मधल्या माळांवर बंजाऱ्यांचे तांडे. कापूस वेचणी, तेंदूपत्ता, मोहफुलं आणि दिवाळीनंतर ऊसतोड, यांवर वर्ष निघतं. तांड्यांतली अर्धी घरं त्या दिवसांत कुलूपबंद असतात.

राजे गेले तरी हद्द या लोकांच्या रोजच्या जगण्यात अजून आहे. राज्याच्या हद्दीपलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये बंजारा, तिकडचे लंबाडा, १९७६पासून अनुसूचित जमातीत आहेत. इकडे महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात. सोयरीक तीच, बोली तीच, देव तेच. दाखला निराळा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४०च्या दशकापासून आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये काम करत होते. बंजाऱ्यांना ही सवलत मिळाल्यावर महाराष्ट्रातून तिकडे लोंढे गेले आणि गोंडांच्या जमिनी त्यांच्या हातून सुटू लागल्या, हे त्यांनी १९८२च्या पुस्तकात तपशिलानं लिहिलं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य झाला, तेव्हा त्याच गॅझेटचा हवाला देत मराठवाड्यातले बंजारा अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी रस्त्यावर उतरले. आदिवासी संघटना विरोधात उतरल्या. १९५६ला मिटवलेली संस्थानाची हद्द अशी कागदातून परत वर येते, आणि माहूरच्या चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंची माणसं एकाच बाकावर बसून ती बातमी वाचतात.

पाणी आणि लिफ्ट

पुढचं काय, असं विचारलं की दोन विषय निघतात.

एक, निम्न पैनगंगा धरण. १९९७ला त्याला शासनाची मान्यता मिळाली. बुडीतात जाणारी गावं नदीच्या दोन्ही काठांवरची, त्यांत माहूर आणि किनवट तालुक्यांतलीही. धरणविरोधी संघर्ष समितीनं काम वारंवार अडवलं. दरम्यान २०१६ला महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात करार होऊन खाली चनाखा-कोराट्याला बंधारा झालाही. वरच्या गावांची गोष्ट मात्र अधांतरीच. बुडणार की नाही हे ठरेना, म्हणून पक्कं घर बांधायला माणसं धजत नाहीत, मुलीचे बाप अशा गावात स्थळ पाहताना दोनदा विचार करतात, आणि शाळेच्या खोलीचा प्रस्ताव गेला तर कुठल्या तरी टेबलावर धरणाचा उल्लेख होतो. धरण न होताच गाव ओसरण्याची ही तऱ्हा मी आधी कुठं वाचली नव्हती.

दुसरा विषय लिफ्टचा. रेणुकेच्या गडावर लिफ्ट आणि स्कायवॉक बांधायचं ठरलं, भूमिपूजनही होऊन गेलं. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना, गुडघे गेलेल्यांना दर्शन घडेल. त्याला कोण विरोध करणार? विडेवालीही करत नव्हती. तिला एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, की लिफ्टचं दार खाली कुठं उघडणार आणि वर कुठं. पायऱ्यांच्या कडेची जागा तिच्या सासूपासून चालत आलेली, कागद नसलेली. गर्दी पायऱ्यांऐवजी लिफ्टनं गेली तर रांग जिथं लागेल, तिथले गाळे कुणाला मिळणार, लिलाव होणार की जुन्यांना आधी विचारणार, याची चौकशी करायला ती नगरपंचायतीत गेली होती. तिथं तिला देवस्थानाकडे जायला सांगितलं. देवस्थानात सांगितलं, की हे बांधकाम खात्याकडे आहे. बांधकाम खात्याचं कार्यालय कुठं, ते तिनं मला विचारलं. आम्ही शेजारच्या दुकानात विचारलं. त्या मुलानं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, "किनवट किंवा नांदेड."